पाच गाणी, पाच आठवडे आणि एकच प्रवेशिका

वाचकाचं पत्र :

"आमचा चौघांचा मराठी बँड आहे. मी गाते आणि गाणी लिहिते, एक जण गिटार वाजवतो आणि चाली बांधतो, एक बेसवर असतो, एक ढोलकी आणि कहोनवर (बसून वाजवायची लाकडी पेटी). आम्ही सगळे कळवा-खारेगावचे. पाच गाण्यांचा ईपी (छोटा अल्बम) तयार आहे : तीन आमची गाणी, एक तुकोबांचा अभंग, एक कुसुमाग्रजांची कविता. माझा आवाज घरी रेकॉर्ड केला, बाकीचं कोपरखैरण्याच्या एका स्टुडिओत. एका गाण्यात बाहेरच्या वादकाची बासरी आहे. अभंग आणि आमचं एक गाणं गेल्या वर्षी यूट्यूबवर टाकलं होतं. बाकी तीन कुठेच आलेली नाहीत. स्वतंत्र कलाकारांच्या ध्वनिमुद्रणांसाठी असलेल्या एका राष्ट्रीय पुरस्काराच्या प्रवेशिका पाच आठवड्यांनी बंद होतात. गाणं या वर्षी प्रथम प्रसिद्ध झालेलं असावं, अशी अट आहे. पाचही पाठवावीत का? हातात ३०,००० रुपये आहेत, त्यातून व्हिडिओ करू असं दोघांचं म्हणणं. स्टुडिओवाले म्हणतात मास्टर (तयार मूळ ध्वनिमुद्रण) त्यांचा आणि प्रोजेक्ट फाइल मिळणार नाही. शिवाय दुसऱ्याच कुठल्या पुरस्काराचा मेल आलाय, आमचं नामांकन झालंय आणि ९,५०० रुपये भरायचेत. काय करावं?"
– एक गायिका, कळवा

ताई, पाचही पाठवू नका. नियम आणि कागद लावून पाहिलं तर या वर्षी पाठवण्यासारखी तुमची दोनच गाणी उरतात. त्यातलं एक निवडा आणि सगळा जोर त्याच्यावर लावा. व्हिडिओवर या महिन्यात एक रुपयाही घालू नका. हा पुरस्कार ध्वनिमुद्रणाचा आहे. परीक्षक गाणं ऐकणार आणि आयोजक मालकीचा पुरावा बघणार. तुमचे ३०,००० या दोनच जागी खर्च व्हायला हवेत.

पाचाची दोन कशी झाली, ते आधी सांगतो.

यूट्यूबवरची दोन गाणी बाद. पहिली प्रसिद्धी म्हणजे गाणं लोकांना पहिल्यांदा उपलब्ध झालं तो दिवस. ते विकत मिळत होतं की फुकट, स्पॉटिफायवर होतं की यूट्यूबवर, याने सहसा फरक पडत नाही. व्हिडिओखाली तारीख दिसते आणि ती मागाहून बदलता येत नाही. जुना व्हिडिओ काढून तेच गाणं नव्याने चढवायचं, हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो मानू नका. लोकांनी पाठवलेले दुवे आणि स्टेटस मागे उरतात, आणि तक्रार बहुधा अंतिम यादीत नाव आल्यावरच होते. नवा मिक्स (आवाज आणि वाद्यांची नवी मिळवणी) करून तेच गाणं 'नवं' म्हणून देण्याचाही मोह होईल. पण बऱ्याच नियमावल्या त्याला आधीच्याच गाण्याची आवृत्ती धरतात.

कुसुमाग्रजांची कविता या वर्षी नको. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, म्हणजे या कवितेवर २०५९ अखेरपर्यंत हक्क आहेत. कविता पाठ्यपुस्तकात होती, सगळ्यांना तोंडपाठ आहे, तुम्ही कवीचं नाव दिलंय, यातलं काहीच परवानगीची जागा घेत नाही. परवानगी मागताना आधी प्रकाशकाला विचारा की संगीताचे हक्क नेमके कोणाकडे आहेत. मग पत्रात चार गोष्टी वेगवेगळ्या मागा : चाल लावणं, ध्वनिमुद्रण करणं, जगभर स्ट्रीमिंगवर ठेवणं आणि व्हिडिओत वापरणं. चौथी नंतर मागू म्हणून सोडली की पुढे नव्याने पत्रव्यवहार करावा लागतो. कडवं गाळलं असेल किंवा एखादी ओळ ध्रुवपदासारखी फिरवली असेल तर तेही लिहून कळवा. कायद्याच्या ५७व्या कलमानुसार कृतीची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा अधिकार लेखकाला असतो, आणि त्याच्या मागे तो वारसांना मिळतो. हे सगळं पाच आठवड्यांत होण्याची आशा धरू नका. पुढच्या वर्षासाठी मात्र पत्र आजच पाठवा, कारण कविता चांगली निवडली आहे.

'कव्हर करायला परवानगी लागत नाही' हा समज इथे लावू नका. कायद्यात कव्हरची सोय ३१-सी कलमात आहे. ती आधीच ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यांसाठी आहे, आणि तीसुद्धा पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं उलटल्यावर, आगाऊ नोटीस देऊन आणि दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरून. स्वतः कवितेला नवी चाल लावण्याशी तिचा संबंध नाही.

कवींच्या बाबतीत तारखा नीट तपासायची सवय लावून घ्या, कारण पुढेही तुम्ही कविता गाणार. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांच्या कविता २०१६ संपताच मुक्त झाल्या. बहिणाबाई चौधरींचं निधन १९५१ चं, पण गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ मध्ये. मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या कृतीची ६० वर्षं प्रसिद्धीच्या वर्षानंतर मोजतात, म्हणून ती २०१२ संपताच मुक्त झाली.

अभंगाचं थोडक्यात. तो तारखेने बाद झालाच आहे, पण एकदा तपासा. तुकोबांचे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत, चाल मात्र कोणाची तरी असू शकते. लोकांच्या ओठांवरच्या कितीतरी अभंगांच्या चाली विसाव्या शतकातल्या संगीतकारांच्या आहेत. श्रीनिवास खळे यांचंच उदाहरण घ्या. ते २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चालींवरचे हक्क अजून बरीच वर्षं जिवंत राहणार. तुमची चाल त्यापैकी कुठल्या चालीवर बेतलेली असेल तर 'पारंपरिक' लिहून चालणार नाही. खरोखर वारकऱ्यांच्या भजनातली असेल तर 'चाल पारंपरिक, संगीत संयोजन अमुक' असं लिहा.

आता मालकी. पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट स्टुडिओची आहे.

कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि निर्माता कोण, तर ध्वनिमुद्रण करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. तुम्ही चौघांनी गाणी ठरवली, वादक आणले, तासाचे पैसे भरले. मास्टर तुमचा. स्टुडिओने जागा, यंत्रं आणि इंजिनिअरचं काम पुरवलं आणि त्याचा मोबदला घेतला. मालकी स्टुडिओला द्यायची असती तर तसा लेखी करार लागला असता, कारण कायद्यात हक्कांचं हस्तांतरण सहीच्या कागदाशिवाय होत नाही. त्यामुळे आधी तुम्ही काही सही केली होती का, ते शोधा. बुकिंगच्या फॉर्मच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर आणि व्हॉट्सॲपवरची 'अटी मान्य' अशी उत्तरंसुद्धा बघा. स्टुडिओने पैसे कमी घेऊन हिस्सा मागितला असेल तर गोष्ट वेगळी होते, मग आधी तो हिस्सा ठरवून लिहून काढावा लागेल.

प्रोजेक्ट फाइलवरून मात्र भांडू नका. त्या फाइलीत इंजिनिअरची स्वतःची मांडणी, प्लगइनच्या सेटिंग्ज, त्याची कामाची पद्धत असते, आणि ती न देण्यात त्याचं फारसं चुकत नाही. तुम्हाला तिची गरजही नाही. मागायचे ते स्टेम्स. आवाज, गिटार, बेस, ढोलकी, कहोन, बासरी, प्रत्येकाची वेगळी वेव्ह फाइल, सगळ्या शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या आणि सारख्या लांबीच्या, २४ बिटच्या, मूळ सॅम्पल रेटमध्ये. सोबत मास्टर न केलेला मिक्स आणि गाण्याविना नुसत्या वाद्यांचा मिक्स. आठवड्याभरात हे मिळालं तर प्रोजेक्ट फाइल विसरून जा. स्टेम्स काढायला इंजिनिअरचा अर्धा दिवस जातो, त्याचे पैसे द्या.

सोबत एका पानाचं पत्र त्यांच्याकडून सही करून घ्या. त्यात गाण्यांची नावं, रेकॉर्डिंगच्या तारखा, मिळालेली रक्कम आणि 'या ध्वनिमुद्रणांवर स्टुडिओचा कॉपीराइटचा कोणताही दावा नाही' हे वाक्य. इंजिनिअरचं नाव श्रेयात येईल, हेही त्याच पत्रात लिहा. 'मास्टर आमचा' म्हणणाऱ्या पुष्कळांना मुळात आपलं नाव गाळलं जाईल याची काळजी असते, आणि ही एक ओळ वाचून सही पटकन होते.

बासरीवाल्याची सही राहिली असेल तर प्रवेशिका अर्धवटच आहे. वादकाला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क असतो, तो ५० वर्षं टिकतो. पैसे दिले म्हणजे संमती मिळाली असं धरू नका. गाण्याचं नाव, दिलेलं मानधन, ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करायला आणि स्पर्धेत द्यायला संमती, श्रेयात नाव कसं लिहायचं, इतकं पुरे. मुदत आणि प्रदेश दोन्ही न विसरता लिहा. कायदा असा आहे की कागदावर मुदत नसेल तर पाच वर्षं धरली जातात आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत. स्ट्रीमिंग जगभर जातं, त्यामुळे हे दोन शब्द राहिले तर कागद अपुरा ठरतो.

तुमच्या चौघांतही एक करार हवा, दोन पानांचा, ५०० रुपयांच्या मुद्रांकावर. त्यात दोन गोष्टी वेगळ्या मांडा. गाणं, म्हणजे शब्द आणि चाल, हे लिहिणाऱ्याचं आणि चाल बांधणाऱ्याचं. ध्वनिमुद्रण चौघांचं. या दोन्हींची सरमिसळ केल्यामुळे बँड फुटल्यावर सगळ्यात जास्त कटकटी होतात : बेसवाला म्हणतो गाण्यात माझा चौथा हिस्सा, आणि लिहिणारी म्हणते तू तर फक्त वाजवलंस. दोघांचंही अर्धं बरोबर असतं. शिवाय एक जण बाहेर पडला तर बँडचं नाव कोणाकडे राहील आणि बक्षिसाची रक्कम कशी वाटायची, हे आत्ताच लिहा. सगळे आनंदात असताना हे पाच मिनिटांत ठरतं.

'स्वतंत्र' या अटीबद्दलही विचारलं जाईल. साधारण रूढ अर्थ असा की मास्टरची मालकी युनिव्हर्सल, सोनी, वॉर्नर या तीन मोठ्या कंपन्यांकडे नसावी. डिस्ट्रिब्युटर (गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारी कंपनी) कोणता वापरला याने सहसा फरक पडत नाही. पण काही डिस्ट्रिब्युटर स्वतः मोठ्या कंपन्यांच्या मालकीचे आहेत, उदाहरणार्थ ऑर्चर्ड सोनीची आहे. म्हणून त्यांच्याशी करताना नुसती वितरणाची परवानगी देताय की मास्टर लिहून देताय, ते कलम वाचा. वयाची अटही बघून ठेवा. बेंगळुरूच्या टोटो फंड्स द आर्ट्सचा संगीत पुरस्कार तिशीच्या आतल्या तरुणांसाठी असतो, आणि चौघांपैकी एकाचं वय जास्त भरलं तर अशा ठिकाणी काय होतं ते आयोजकांना आधीच लिहून विचारावं.

कॉपीराइट नोंदणीची घाई करू नका. हक्क नोंदणीमुळे निर्माण होत नाही, तो गाणं तयार होताच येतो. नोंदणी पुढे पुरावा म्हणून कामाची आहे. शब्द आणि चाल यांना प्रत्येकी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये शुल्क आहे, आणि अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावंच लागतं. मुदतीच्या आत प्रमाणपत्र हातात येणार नाही, आणि अर्ज केल्यावर मिळणारा डायरी क्रमांक म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. प्रवेशिकेत तो तसा लिहू नका.

उरली दोन गाणी, तुमचीच, दोन्ही अप्रसिद्ध. कुठलं? पहिल्या फेरीत परीक्षकांसमोर गाण्यांचा ढीग असतो, आणि दर गाण्याला मिळणारा वेळ थोडा. दोन्ही गाणी लावून घड्याळात बघा, आवाज किती सेकंदांनी येतो. वीस-पंचवीस सेकंदांत आला तर उत्तम. सव्वा मिनिट नुसती गिटार चालत असेल तर ते गाणं मैफलीसाठी कितीही सुंदर असो, इथे मागे पडेल. स्पर्धेसाठी वेगळं छोटं रूप कापून पाठवू नका, कारण प्रसिद्ध झालेलं आणि पाठवलेलं ध्वनिमुद्रण एकच असावं लागतं. दुसरी कसोटी : मराठी न येणाऱ्या दोन माणसांना गाणं ऐकवा आणि कुठल्या क्षणी त्यांनी मान वर केली, ते बघा. राष्ट्रीय पुरस्काराच्या परीक्षकांत मराठी कळणारा एखादाच असेल, नसेलही. बासरीचं गाणं या कसोटीवर बहुधा पुढे जाईल, पण फक्त बासरी आहे म्हणून ते निवडू नका.

विभाग निवडताना 'प्रादेशिक भाषा' आणि 'लोकसंगीत/फ्यूजन' दोन्ही असतील तर, ढोलकी गाण्याचा कणा असल्याशिवाय फ्यूजनकडे जाऊ नका. ढोलकी नुसती कडव्यामध्ये दोनदा येत असेल तर त्या विभागातले परीक्षक तेच हेरतात.

आता आवाजाचं, जिथे तुमचे निम्मे पैसे जावेत.

घरी घेतलेला तुमचा आवाज आधी एकटाच, कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर, दोन ओळींमधल्या जागांत ऐका. कळव्यात रेल्वेची घरघर भिंतीतून येते आणि ती कानाला कळण्याआधी कॉम्प्रेसरला कळते. आवाज थांबला की कॉम्प्रेसर पातळी वर आणतो आणि लोकल गाण्यात शिरते. ८० ते १०० हर्ट्झखालचं हाय-पास फिल्टरने काढा, तुमच्या आवाजात तिथे काही नसतं. त्यानंतरही राहिलं तर नॉइज रिडक्शन अगदी हलक्या हाताने करा, कारण जास्त झालं की शब्दांची शेवटची अक्षरं विरघळतात. तरीही त्रास असेल तर आवाज पुन्हा रेकॉर्ड करा. शेवटची लोकल गेल्यावर पहिली सुटेपर्यंतचा थोडा वेळ मिळतो, नाहीतर एक दिवस स्टुडिओत. घरी पुन्हा करणार असाल तर पंखा, फ्रिज, एसी बंद. गोधड्या माइकच्या मागे टांगून फारसा फायदा नाही. कार्डिऑइड माइक समोरून ऐकतो, म्हणून गोधड्या गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना टांगा. पातळी -१२ ते -६ डीबीच्या शिखरांवर ठेवा, २४ बिटमध्ये.

मराठी उच्चारांच्या दोन अडचणी आहेत. भ, फ, घ, ध ही महाप्राण अक्षरं माइकवर हवेचा धक्का देतात. त्यासाठी पॉप फिल्टर माइकपासून १०-१५ सेंटिमीटरवर ठेवा आणि तोंड माइकच्या मध्याच्या थोडं बाजूला. दुसरी अडचण स, श आणि 'चमचा'तल्या च सारख्या अक्षरांची, ती ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये टोचतात. डी-एसर (अशी टोचणारी अक्षरं दाबणारं साधन) लावावाच लागतो, पण तो ओढला गेला की 'स'चा 'थ' होतो आणि गायिका बोबडी वाटते. सगळ्या गाण्यावर एकच सेटिंग लावण्यापेक्षा टोचणारी अक्षरं शोधून तेवढ्यांचीच पातळी हाताने खाली घेणं वेळखाऊ आहे, पण निकाल त्यानेच चांगला येतो.

ढोलकीबद्दल इंजिनिअरला दोन प्रश्न विचारा. टेकांच्या (रेकॉर्डिंगच्या फेऱ्यांच्या) मध्ये सूर पुन्हा लावला होता का? पावसाळी दमट हवेत पुडी (ढोलकीचं कातडं) सैल होऊन सूर उतरतो, आणि एसीच्या खोलीत तासाभरात पुडी कोरडी पडून सूर चढतो. पहिल्या टेकचा मुखडा आणि चौथ्या टेकचं कडवं जोडलं असेल तर तो फरक कानाला खटकतो, पण कशामुळे ते सांगता येत नाही. बासरीचंही तसंच. वाजवता वाजवता ती गरम होते आणि सूर वर जातो, म्हणून वादकाने आधी दहा मिनिटं वाजवून मग रेकॉर्ड करायला हवं होतं. दुसरा प्रश्न : ढोलकीचा घुमारा आणि बेस गिटार एकाच जागी, साधारण ८० ते १२० हर्ट्झमध्ये, एकमेकांवर चढतात का? बेसमधून तिथे दोन-तीन डीबी काढले तर ढोलकी अचानक स्पष्ट होते. कुठलीच पातळी वाढवावी लागत नाही.

मिक्स झाला की तो एका साध्या मोबाइलच्या स्पीकरवर, स्वस्त इअरफोनवर आणि गाडीत ऐका. मोबाइलवर शब्द कळत नसतील तर आवाज दीड-दोन डीबी वर हवा.

मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, मिक्स करणाऱ्याकडूनच करून घेऊ नका. दुसरा माणूस आणि दुसरी खोली हवी, कारण ज्या खोलीने खालचे सूर चुकीचे ऐकवले तिथे ते दुरुस्त होत नाहीत. त्याला सांगा की स्पॉटिफाय गाणी -१४ लफ्सच्या (आवाजाच्या मोठेपणाचं माप) आसपास आणून वाजवतं, म्हणून -७ पर्यंत दाबलेलं गाणं तिथे सात डीबीने खाली येतं आणि ढोलकीची थाप चपटी राहते. शांत भाग आणि भरलेला भाग यांतलं अंतर शिल्लक राहू द्या. ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच शिखर) -१ डीबीच्या वर नको, आणि गाणं -१४ पेक्षा मोठं ठेवलं असेल तर -२. शेवटची फाइल ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह. व्हॉट्सॲपवरून आलेली एमपी३ फाइल वेव्हमध्ये बदलून पाठवण्याचा प्रकार सर्रास होतो आणि तो पकडलाही जातो : १२८ केबीपीएस एमपी३मध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर काहीच नसतं, स्पेक्ट्रम उघडला की कापलेली रेघ दिसते. शेवटच्या सुराची आस पूर्ण विझेपर्यंत फाइल संपू देऊ नका.

प्रसिद्धीला उशीर झाला तर बाकीचं सगळं फुकट जाईल, म्हणून मास्टर दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी हातात हवा आणि गाणं लगेच डिस्ट्रिब्युटरकडे. प्रसिद्धीसाठी चौथ्या आठवड्यातला शुक्रवार धरा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं असेल तर किमान सात दिवस आधी ते तिथे पोचलेलं लागतं. कव्हर ३,००० × ३,००० पिक्सेलचं, त्यावर फोन नंबर किंवा इन्स्टाग्रामचं नाव नको, त्यावरून परत येतं. भाषा 'मराठी' निवडा. यादीत हिंदी आधी दिसते म्हणून घाईत तीच टिचकली जाते, मग प्रादेशिक विभागात शंका निघतात. बँडचं आणि तुमचं नाव रोमन लिपीत सगळीकडे एकाच स्पेलिंगने. 'ळ' कधी एका अक्षराने, कधी दोन अक्षरांनी लिहिला की एकाच बँडची दोन पानं तयार होतात आणि ऐकणारेही विभागले जातात. आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक डिस्ट्रिब्युटरकडून येईल. तो लगेच लिहून ठेवा, प्रवेशिकेत मागतात. पुढे डिस्ट्रिब्युटर बदललात तरी त्याच ध्वनिमुद्रणाला तोच क्रमांक द्या. मिक्स किंवा लांबी बदलली तरच नवा घ्या.

प्रवेशिकेतल्या परिचयात विशेषणं नकोत. 'मातीशी नाळ', 'अनोखा संगम' वाचून परीक्षकाला काहीच कळत नाही. कोण काय वाजवतं, गाणं कशाबद्दल आहे, ढोलकी कुठल्या ठेक्यात आहे, एवढं शंभर शब्दांत. शब्दांची पीडीएफ मूळ मराठी आणि समोर हिंदी किंवा इंग्रजी अर्थ अशी द्या, फॉन्ट फाइलमध्ये बसवून, नाहीतर त्यांच्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात. फाइलींची नावं देवनागरीत ठेवू नका, काही यंत्रणांत त्यांच्या जागी नुसत्या चौकटी दिसतात. ड्राइव्हचा दुवा दिलात तर तो खासगी विंडोमध्ये, लॉगिन न करता उघडून बघा. 'परवानगी मागा' असं दिसलं तर परीक्षक ती मागत बसणार नाही, पुढच्या गाण्याकडे जाईल.

तो ९,५००चा मेल बाजूला ठेवा. तुम्ही अर्जच केला नव्हता आणि नामांकन झालं, यातच सगळं आलं. प्रवेश शुल्क ही रीतसर गोष्ट आहे, अनेक चांगले पुरस्कार ते घेतात. पण नामांकनानंतर ट्रॉफी, प्रमाणपत्र, टेबल, 'विजेता पॅकेज' यांचे पैसे मागणाऱ्याला परीक्षकांची नावं आणि मागच्या दोन वर्षांचे विजेते विचारा. तुमच्या खऱ्या प्रवेशिकेच्या अटींतही एक कलम शोधा : आयोजकांना गाणं वापरण्याचा हक्क कशासाठी आणि किती काळ. पुरस्काराच्या प्रसिद्धीसाठी तुकडा वाजवू दिला तर हरकत नाही. 'कायमस्वरूपी', 'रद्द न करता येणारा', 'सर्व माध्यमांत' हे तिन्ही शब्द एकत्र दिसले तर सही करण्याआधी लेखी खुलासा मागा.

पैशांची वाटणी मी अशी सुचवतो : निम्मे मास्टरिंग आणि लागलाच तर आवाजाचा एक दिवस, त्यानंतर स्टेम्सचे, बासरीवाल्याचे, मुद्रांकाचे, मग एका विभागाचं शुल्क. उरतील ते पुढच्या वर्षीच्या कवितेच्या परवानगीसाठी राखून ठेवा. तुम्ही आणि चाल बांधणारे, दोघांनी आयपीआरएसचं सदस्यत्वही घ्या. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी तिथून येते, पुरस्काराशी त्याचा संबंध नाही, आणि गाणं नोंदवलेलं नसेल तर ते वाजूनही पैसे तुमच्यापर्यंत येत नाहीत.

पहिला फोन बासरीवाल्याला करा, स्टुडिओला नंतर. स्टुडिओ कोपरखैरण्यात आहे, तो तिथेच सापडेल. वादक कार्यक्रमांसाठी गावोगाव असतात आणि सही स्कॅन करून मागवायला आठवडा जातो. प्रवेशिका मुदतीच्या तीन दिवस आधी भरा, कारण शेवटच्या रात्री पेमेंट अडकतं. पैसे गेल्याचा संदर्भ क्रमांक आणि 'प्रवेशिका मिळाली' असं दाखवणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट, दोन्ही चौघांच्या ग्रुपवर टाकून ठेवा.